मामांच्या गाडीचा अर्थ

गल्लीत वळताना व्यंकटराव कऱ्हाळ्यांनी डावा इंडिकेटर लावला आणि हॉर्न वाजायला लागला. घाबरून त्यांनी इंडिकेटर बंद केला, तर हॉर्न थांबला आणि वायपर फिरले. भर एप्रिलच्या उन्हात, ठणठणीत कोरड्या काचेवर, कर्रर्र करत दोनदा इकडून तिकडे गेले आणि मधोमध उभे राहिले. व्यंकटरावांनी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण त्याबरोबर पेट्रोलचा काटा टाकी काठोकाठ भरल्यासारखा टोकाला गेला. टाकीत काय आहे हे व्यंकटरावांना ठाऊक होतं, त्यामुळे त्या काट्याची त्यांना हॉर्नपेक्षा जास्त भीती वाटली.

घरासमोर गाडी उभी करून ते आतच बसून राहिले. दाराला करंट असला तर? ज्या गाडीत ब्रेकचा करंट पेट्रोलकडे जातो, तिथे दाराकडे जायला त्याला कितीसा वेळ लागणार? पाच मिनिटांनी बायको, नीलाबाई, बाहेर आल्या.

"उतरा की. काहून बसून राहिले?"

"हात लावू नकोस! आधी चप्पल घाल. रबरी घाल!"

नीलाबाईंनी अनवाणी पायांनी येऊन दार उघडलं आणि त्या पुन्हा आत गेल्या. व्यंकटराव उतरले. सत्तावीस वर्षं वसमतच्या कनिष्ठ महाविद्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून काढलेल्या माणसाला असं उतरावं लागावं याचं त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यापेक्षा भीती मोठी होती, म्हणून त्यांनी वाईट वाटणं पुढे ढकललं.

कारण ही फियाट त्यांची नव्हती. ती मामांची, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची, आखाडा बाळापूरच्या मारोतरावांची होती. मारोतरावांची तिथे हळदीची आडत. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की ते हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे आणि नुसत्या आवाजावरून माल ओला की वाळलेला ते सांगायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी व्यंकटराव मुलगी पाहायला गेले तेव्हा मारोतरावांनी त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून मान एका बाजूला कलती केली होती. तेव्हापासून 'आपण ओले निघालो' ही धास्ती व्यंकटरावांच्या मनातून गेलेली नाही. अठ्ठावीस वर्षांत त्या फियाटमध्ये ते चार वेळा बसले, चारही वेळा मागच्या सीटवर, गुडघे जवळ घेऊन. आणि या गुढीपाडव्याला मारोतरावांनी काही न बोलता गाडीची चावी त्यांच्या हातात ठेवली.

"घेऊन जा. रंग द्या. रंग झाला की मला औंढ्याला नागनाथाला न्या. तुमीच चालवा."

व्यंकटरावांना त्या रात्री झोप आली नव्हती. असा विश्वास आयुष्यात एकदाच टाकला जातो आणि तो सांभाळला नाही तर पुन्हा मागच्या सीटवरसुद्धा जागा मिळत नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी पेंटरला बजावून सांगितलं, "इंचभरही जागा सोडू नका. आतून, बाहेरून, खालून. नट-बोल्टसुद्धा रंगवा." पेंटर प्रामाणिक होता. त्यानं सगळं खोलून, सगळ्याला तीन हात मारून, सगळं पुन्हा बसवून दिलं. आज गाडी परत मिळाली तेव्हा ती नव्या नवरीसारखी दिसत होती. औंढ्याला जायचं येत्या गुरुवारी ठरलं होतं आणि आज रविवार होता.

सोमवारी सकाळी बरोबर सात वाजता फोन आला. मारोतराव फोनवर एकच शब्द बोलायचे.

"गाडी?"

"बराबर आहे, मामा," व्यंकटराव म्हणाले.

मग त्यांनी वारंगा फाट्यावरच्या किसनसिंगला फोन लावला. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये किसनसिंगचा हात कोणी धरू शकत नाही असं सगळे म्हणतात. तो कुठल्याशा लग्नात होता आणि मागे बँड वाजत होता. व्यंकटरावांनी फोन स्पीकरवर टाकून सगळी लक्षणं सांगितली.

"इतक्यात रंग दिला का गाडीला?" किसनसिंग ओरडला.

"हो! आतून बाहेरून!"

"मंग अर्थ गेला तुमचा!"

"काय गेला?"

"अर्थ! अर्थ न्हाई राहिला गाडीत! अर्थिंग कमी पडून राहिली! मी शुक्रवारी येतो. तोवर अर्थिंग पाहा, आन् दुसऱ्या कोणाला हात..." पुढचं बँडनं खाल्लं.

हे संभाषण समोरच्या ओट्यावर शिवशंकरअप्पांनी ऐकलं, आणि इथून गोष्ट व्यंकटरावांच्या हातातून गेली. अप्पा वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. तीस वर्षं खांबावर काढली. 'अर्थिंग' हा शब्द ऐकताच ते निवृत्तीतून बाहेर आले.

"अर्थ म्हणजे काय, कऱ्हाळे? जमीन! जमीन सुकली की अर्थ गेला. उन्हाळ्यात शेतातल्या डीपीचं, ट्रान्सफॉर्मरचं, असंच व्हतं. लोक म्हणतात व्होल्टेज न्हाई. आमी जाऊन काय करायचो? डीपीच्या बुडात मिठाचं पाणी टाकायचो. फक्कन मोटर चालू!"

ही गोष्ट खरी आहे. आपल्याकडे पंखा सावकाश फिरू लागला की लोक पंख्याकडे पाहत नाहीत, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून येतात. तेव्हा हा उपाय गाडीला लागू पडणार नाही असं व्यंकटरावांना वाटायचं काही कारण नव्हतं.

शेजारच्या हुमेरा मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. सुट्टी असल्यानं त्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "कऱ्हाळे भाऊ, गाडी तर रबराच्या टायरवर उभी आहे. तिचा जमिनीशी काय संबंध? गाडीचा अर्थ गाडीतच असतो. बॉडीत."

"मॅडम, पुस्तकात असंल तसं," अप्पा म्हणाले. "आमी खांबावर चढलेली माणसं."

व्यंकटरावांनी दोघांकडे पाहिलं. अप्पांच्या उजव्या अंगठ्याला नख नाही, ते विजेनं नेलं आहे. ज्याला करंट एकदा चावला तोच करंटाचा स्वभाव ओळखणार, असा विचार करून ते अप्पांच्या बाजूला गेले. भित्रा माणूस नेहमी जखमी माणसावर विश्वास ठेवतो.

इंजिनपासून बॉडीपर्यंत तारांच्या जाळीची एक पट्टी असते. अप्पांनी ती खोलून नीलाबाईंच्या बादलीत मिठाच्या पाण्यात भिजत घातली. मग बॅटरीच्या आणि बॉडीच्या बोल्टवर तेच पाणी दोन लोटे ओतलं. व्यंकटराव दोन पावलं मागे, कोरड्या पोत्यावर उभे राहून पाहत होते. तासाभरानं पट्टी बसवली आणि अप्पांनी इंडिकेटर लावला. इंडिकेटरच लागला! टिकटिक करत, फक्त डावा. हॉर्न गप्प, वायपर गप्प. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी अप्पांना चहा पाजला, आणि गच्चीकडे पाहून जरा मोठ्यानंच म्हणाले, "शेवटी अनुभव तो अनुभव!"

अर्ध्या तासानं, कोणीही हात लावलेला नसताना, हॉर्न वाजायला लागला. तो थांबेना. गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग घाबरून पळाली. व्यंकटराव घरात जाऊन उंबऱ्याच्या आत उभे राहिले. शेवटी अप्पांनी हाताला कॅरीबॅग गुंडाळून बॅटरीची तार ओढली तेव्हा कुठे शांतता झाली. बोल्टांवर पांढरंहिरवं काहीतरी फसफसत होतं.

"अर्थ लागला व्हता," अप्पा म्हणाले. "टिकला न्हाई. वरवरचा उपाय झाला. खोल जावं लागंल."

खोल म्हणजे खड्डा. मंगळवारी सकाळी सातचा फोन झाल्यावर ("गाडी?" "बराबर आहे, मामा.") घरासमोर गल्लीतच एका मजुराकडून कमरेएवढा खड्डा खणून घेतला, कारण फियाट फाटकातून आत येत नव्हती. खड्ड्यात इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, त्यावर खडेमीठ, त्यावर पुन्हा कोळसा. मधोमध एक लोखंडी कांब आणि कांबेपासून गाडीच्या बंपरपर्यंत साखळी. अप्पांनी जाळीची पट्टी पुन्हा खोलून स्वच्छ पुसली आणि पुन्हा गंजू नये म्हणून तिला दोन्ही टोकांना काळा ऑइलपेंट लावून घट्ट आवळली.

मीठ, कोळसा, लोखंडी कांब आणि साखळी हे सगळं एका खड्ड्यात पाहिल्यावर गल्लीनं आपापला अर्थ लावला. दुपारपर्यंत कोणीतरी खड्ड्याच्या काठावर लिंबू ठेवून गेलं. लिंबू पाहून दुसऱ्या कोणीतरी हळद-कुंकू वाहिलं. हळद-कुंकू पाहून व्यंकटराव स्वतःच खड्ड्याला घाबरू लागले. गल्लीतून जाताना लोक गाडीकडे, साखळीकडे आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे, आणि ते उगाच मोबाइलमध्ये तोंड घालायचे. गाडीचे दिवे मात्र पेटेनात. चार वाजता नगर परिषदेचा शिपाई आला आणि नोटीस देऊन गेला. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना खोदकाम, बुधवारी समक्ष हजर राहावे.

त्या कागदावरचा गोल शिक्का व्यंकटरावांनी दोनदा पाहिला. त्यांनी आयुष्यभर असे शिक्के मारले होते, शिक्का मारून घेतला मात्र नव्हता. सत्तावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरची बाजू किती उन्हात असते याची कल्पना नसते. बुधवारी सकाळी ते त्या बाजूला उभे राहिले. आतल्या लिपिकानं अर्जाचा नमुना पुढे सरकवला. त्यात 'खोदकामाचे प्रयोजन' असा रकाना होता आणि पुढे पर्याय होते: नळजोडणी, सांडपाणी, केबल, मंडप, इतर. व्यंकटरावांनी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'अर्थ'.

लिपिकानं वाचलं. चष्मा वर केला.

"अर्थ? अर्थ म्हणजे धन?"

"नाही, नाही. गाडीचा अर्थ."

"गाडीचा काय अर्थ?"

"गाडीत अर्थ राहिला नाही, साहेब. तो जमिनीतून घ्यायचा आहे."

लिपिकानं खुर्ची पुढे ओढली. मग त्यानं आवाज खाली आणला. "हे पाहा. लिंबाचा फोटो आला आहे आमच्याकडं ग्रुपवर. जमिनीतून धन काढायचं असंल तर तो विषय नगर परिषदेचा न्हाई. तहसीलला जा. आन् आधी पोलिसात कळवा, न्हाईतर मागून तकलीफ व्हते."

"पोलीस?" व्यंकटरावांनी मागे वळून पाहिलं.

"आमच्याकडून इतकंच. खड्डा तात्काळ बुजवा. पण पाहणी झाल्याशिवाय बुजवू नका."

"पाहणी कधी?"

"माणूस रजेवर आहे."

हे उत्तर व्यंकटरावांनी स्वतः हजारो वेळा दिलं होतं. ते किती बळकट उत्तर आहे हे त्यांना आज कळलं. ते घरी निघाले. वाटेत एक पोलीस हवालदार भज्यांच्या गाड्यापाशी उभा दिसला तेव्हा त्यांनी रस्ता बदलला.

गल्लीच्या तोंडाशी आले आणि जागच्या जागी थिजले. एसटीचा एक कंडक्टर रिक्षातून मारोतरावांना हात धरून उतरवत होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. एक दिवस आधी! सकाळच्या सातच्या फोनवर तर काही बोलले नव्हते.

"म्हातारबाबाला घरापतूर सोडलं बरं का," कंडक्टर म्हणाला आणि त्याच रिक्षातून परत गेला. बाळापूरच्या आडत्याचा मान एसटी महामंडळातसुद्धा केवढा, असं व्यंकटरावांना क्षणभर वाटून गेलं.

मारोतराव काठी टेकत गाडीच्या दिशेनं आले. आले ते थेट खड्ड्यावर. काठीचं टोक काठावर लागलं तसे ते थांबले. मान एका बाजूला कलती केली. आणि खड्ड्याकडे तोंड करून उभे राहिले. अर्धा मिनिट. एक मिनिट. लिंबू होतं, हळद-कुंकू होतं, साखळी होती, पायाशी मीठ चमकत होतं. ओट्यावरचे अप्पा आत निघून गेले. व्यंकटरावांच्या सदऱ्याला घामाचे डाग उमटले.

"हं," मारोतराव म्हणाले आणि वळसा घालून गाडीपाशी गेले. खड्ड्याबद्दल एक अक्षर नाही! ओरडले असते तरी परवडलं असतं. न ओरडण्याइतका हा माणूस चिडला आहे, असं व्यंकटरावांनी ठरवून टाकलं. नीलाबाई दारातून वडिलांना "दादा!" म्हणत धावत आल्या, तर त्यांना हातानं थांबवून मारोतरावांनी बॉनेटवरून, काचेवरून, दारावरून सावकाश हात फिरवला आणि दाराची मूठ सापडल्यावर आत जाऊन चालकाच्या जागी बसले.

"चावी."

"मामा, उद्या... म्हणजे उद्याच नेणार होतो ना आपण. आज जरा..."

"चावी द्या, जावई."

खड्डा केला तेव्हाच अप्पांनी बॅटरी पुन्हा जोडून ठेवली होती. एका बाजूला करंटाची भीती, दुसऱ्या बाजूला मामांची. मामा जवळ होते. व्यंकटरावांनी चावी दिली.

मारोतरावांनी ती दोनदा चाचपडून भोकात घातली. "थंडी हाय गाडी," ते म्हणाले, डाव्या हातानं चोकची मूठ ओढून धरली आणि चावी फिरवली. इंजिन कण्हलं. पुन्हा फिरवली. पुन्हा कण्हलं. आणि चोकच्या मुठीमागून, मामांच्या बोटांपासून दोन अंगुळं अंतरावर, धुराची एक बारीक रेघ वर आली. मग ती जाड झाली. तारेवरचं रबर वितळून थेंब खाली पडला. व्यंकटराव खिडकीतून पाहत होते. मामा त्या धुराकडे सरळ पाहत होते आणि हात काढत नव्हते.

"कसला वास येऊन राहिला?" मामा म्हणाले आणि तिसऱ्यांदा चावी फिरवली.

"हात काढा!" व्यंकटराव किंचाळले. "मामा, हात काढा तिथून! अक्कल आहे का नाही तुम्हाला!"

अनवाणी होते की चप्पल होती, त्यांना नंतर आठवेना. त्यांनी लोखंडी दार उघड्या हातानं ओढलं, सासऱ्यांना काखेत धरून बाहेर खेचलं आणि दोघंही मिठाच्या पोत्यावर बसले. अप्पांनी धावत येऊन बॅटरीची तार काढली. धूर हळूहळू विरला.

मग काय बोललो हे व्यंकटरावांच्या लक्षात आलं.

अख्खी गल्ली पाहत होती. व्यंकटराव उठले आणि भीतीच्या भरात त्यांच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. "मामा, चूक झाली. गाडी बराबर नव्हती, रविवारपासून नव्हती, मी तीन दिवस फोनवर खोटं बोललो. तिचा अर्थ गेलाय. आम्ही मिठाचं पाणी घातलं, त्यानं आणखी बिघडली. म्हणून हा खड्डा केला. नगर परिषदेची नोटीस आली आहे. पोलीस येतील कदाचित. तुम्ही मघाशी खड्ड्यापाशी उभे होतात, काही बोलला नाहीत, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर..."

"खड्डा?" मारोतरावांनी विचारलं. "कुठं हाय खड्डा?"

खड्डा त्यांच्या पायापासून दोन हातांवर होता.

हुमेरा मॅडम कठड्यावर वाकल्या होत्या, त्यांच्या हातातली चाळणी तशीच राहिली. मारोतरावांनी हातानं जमीन चाचपली, मिठाचे खडे बोटांत घेतले, पुन्हा सोडले. अठ्ठावीस वर्षांत व्यंकटरावांनी त्यांना कधी खाली मान घातलेलं पाहिलं नव्हतं.

"दिवाळीपासून सावल्याच दिसून राहिल्या," ते अगदी हळू म्हणाले. "कोणाला सांगितलं न्हाई. डोळ्याला सुई लावतात म्हणे. मला... मला त्याचं भ्या वाटतं, जावई. चावी तुमाला काहून दिली मंग? आज आलो ते एकदा शेवटचं बसून पाहावं म्हणून. रोजच्या सरावानं जमंल वाटलं." त्यांनी व्यंकटरावांचा दंड शोधून धरला. "नीलाला तेवढं कळू देऊ नका."

नीलाबाई समोर, हातभर अंतरावर, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी हुंदकासुद्धा बाहेर येऊ दिला नाही.

"नाही कळू देणार, मामा," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. भ्यायच्या कामात त्यांचा अधिकार फार मोठा होता. एवढा ताठ माणूस सहा महिने एकटाच अंधारात भीत बसला होता आणि आपण मात्र त्याच्याच भीतीनं खड्डे खणत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

बाकीचं काम हुमेरा मॅडमनी केलं. त्या खाली आल्या, किसनसिंगला फोन लावला आणि दोनच प्रश्न विचारले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण न ओरडता म्हणाल्या, "बॅटरीतून करंट निघतो, दिव्यात जातो आणि बॉडीच्या लोखंडातून घरी परत येतो. परतीच्या वाटेवर तुमी रंग फासला, भाऊ. मग तो बिचारा जिथून वाट सापडंल तिथून निघतो. हॉर्नमधून, वायपरमधून. अप्पांनी पट्टीलाच ऑइलपेंट लावला, तर इंजिनचा सगळा करंट त्या चोकच्या तारेतून परत जाऊन राहिला."

अप्पा आपल्या अंगठ्याकडे पाहत होते. मग तेच घरातून पॉलिश पेपर घेऊन आले आणि मॅडमपुढे धरला.

व्यंकटरावांनी तो स्वतःच्या हातात घेतला. ज्या रंगाचा इंचभरही टवका उडू नये म्हणून जिवाचं रान केलं, तो त्यांनी बोल्टाखाली रुपयाएवढा गोल घासून काढला, आतलं पांढरं लोखंड चमकेपर्यंत. इंजिनपाशी एक, बॅटरीपाशी एक, पुढच्या दिव्यांपाशी दोन. मीठ गोड्या पाण्यानं धुतलं, नवी पट्टी टाकली, चोकची तार बदलून आणली, वर ग्रीस लावलं. खाटेवर बसलेले मामा मान कलती करून घासण्याचा आवाज ऐकत होते. "अजून," ते मधूनच म्हणायचे. "अजून रंग हाय तिथं. आवाज येऊन राहिला." आणि असायचाच. संध्याकाळी इंडिकेटर लावला तेव्हा फक्त इंडिकेटर लागला. खात्री म्हणून व्यंकटरावांनी तो सतरा वेळा लावून पाहिला.

साखळी निघाली. खड्डा राहिला, कारण पाहणीचा माणूस अजून रजेवर आहे. नीलाबाईंनी नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शनिवारचा नंबर लावून घेतला आणि वडिलांना सांगितलं की यांचाच चष्मा बदलायचा आहे, तुम्ही सोबतीला चला.

गुरुवारी सकाळी गाडी औंढ्याच्या रस्त्याला लागली. व्यंकटराव चालवत होते आणि मारोतराव शेजारच्या सीटवर बसले होते. या बाजूला ते जन्मात पहिल्यांदाच बसले असावेत. त्यांनी एका हातानं दाराची मूठ आवळली होती आणि दुसऱ्या हातानं व्यंकटरावांच्या सीटची कड.

"हळू," ते म्हणाले. "हळू चालवा."

"वीसनं चाललोय, मामा."

"समोर काय हाय ते सांगत चला मला. नुस्तं गप बसू नका."

मग व्यंकटराव सांगू लागले. डावीकडून उसाचा ट्रॅक्टर आला. पूल आहे, लहानसा. एसटी येतेय समोरून, अजून लांब आहे. शाळेच्या पोरी आहेत सायकलवर, चौघी. प्रत्येक गोष्ट ऐकली की मामांच्या मुठीची बोटं जरा सैल व्हायची. दोघांनाही हे बरं चाललं होतं. कारण व्यंकटरावांनाही भीती वाटत होती, या रस्त्याची, या गाडीची, आणि आज पहिल्यांदा शेजारच्या म्हाताऱ्याला काही होऊ नये याची. बोलत राहिलं की ती जरा कमी व्हायची.

पुढे मैलभर रस्ता अगदी सरळ आणि रिकामा लागला. दोन्ही बाजूंना नुसती नांगरलेली रानं. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून व्यंकटराव गप्प झाले. मामांनी सीटची कड घट्ट धरली. पाठ ताठ झाली, कपाळावर घाम आला.

"काहून गप बसले? काय हाय समोर?"

व्यंकटरावांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"म्हैस आहे, मामा," ते म्हणाले. "डाव्या बाजूला. चरतेय."

मारोतरावांनी मोठा श्वास सोडला आणि सीटला पाठ टेकली.

"व्हय," ते म्हणाले. "दिसली मला."